व्यसन या शब्दाचा जुना अर्थ

“आमच्या घरांत असें कांहीं व्हावयाचें नाहीं,” हें वाक्य गेल्या कांहीं वर्षांत मीं इतक्या सज्जन माणसांच्या तोंडून ऐकलें आहे कीं, आतां त्याचा मला धसकाच बसला आहे. बोलणाऱ्याचा हेतु वाईट नसतो. घरांत देवपूजा चालते, वडील माणसांचा मान राखला जातो, तीन पिढ्यांत कोणी विडीसहि शिवलेला नाहीं. अशा घरांतील सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गांजा ओढील किंवा कसलीशी पूड नाकानें हुंगील, ही कल्पनाच आईबापांस अभद्र वाटते. अभद्र वाटते म्हणून ती मनांत येऊं द्यावयाची नाहीं, आणि मनांत येत नाहीं म्हणून समोर असलेलेंहि दिसावयाचें नाहीं. अनेक वर्षें शाळेंत संस्कृत व मराठी शिकवून मी निवृत्त झालों. या काळांत हुशार मुलांच्या आईबापांपेक्षां ढ मुलांचे आईबाप मला नेहमीं अधिक सावध दिसले, त्याचें कारणहि बहुधा हेंच असावें.

रोह्यासारख्या गांवीं राहणारांस आणखी एक आधार वाटत असतो. हीं सर्व थेरें मुंबई-पुण्याकडचीं. आपल्याकडे कुंडलिका नदी, भाताचीं खाचरें आणि दसऱ्याच्या सुमारास निघणारी धावीर महाराजांची पालखी. ज्या गांवाशीं चिंतामणराव देशमुखांचें नांव जोडलेलें आहे, जेथें पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले, तेथें असलें कांहीं कोठून येणार? परंतु जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला म्हणजे हा आधार फार वेळ टिकत नाहीं. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत श्रीवर्धन, हरिहरेश्वर या बाजूच्या किनाऱ्यावर समुद्रांतून चरसाचीं पाकिटें वाहून आलीं आणि पोलिसांस तीं वाळूंतून वेंचावीं लागलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत खोपोलीजवळ ढेकू गांवीं रायगड पोलिसांनीं एका कारखान्यावर छापा घातला, तेथें ‘एम्. डी.’ नांवानें विकली जाणारी मेफेड्रोनची पूड तयार होत होती, व त्या प्रकरणांत सांपडलेल्या मालाची किंमत तीनशें कोटींच्या वर सांगितली गेली. जुलै २०२५ मध्यें महाडच्या औद्योगिक क्षेत्रांत केटामीन या द्रव्याचा साठा पकडला गेला. श्रीवर्धन दक्षिणेस, खोपोली ईशान्येस, महाड आग्नेयेस. आमचें रोहें बरोबर मधोमध येतें.

याचा अर्थ रसायनाचा प्रत्येक कारखाना विषाचा कारखाना आहे असा कोणी करूं नये. धाटावच्या कारखान्यांवर आमच्या तालुक्यांतील किती तरी चुली पेटतात, आणि माझा स्वतःचा धाकटा पुतण्याहि तेथेंच पाळीवर जातो. पण पूर्वींची मादक द्रव्यें शेतांत उगवत असत. अफूस पोस्ताचें झाड लागे, गांजास भांगेचें. मेफेड्रोनला झाड लागत नाहीं, शेत लागत नाहीं, पावसाळा लागत नाहीं. तें भांड्यांत शिजतें. म्हणून तें दूरच्या सरहद्दीवरून यावेंच लागतें असें नाहीं, शेजारच्या तालुक्यांतूनहि येऊं शकतें. आपल्या १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यांत त्याचें नांव २०१५ च्या फेब्रुवारींत घातलें गेलें, यावरून हें विष किती नवें आहे तें ध्यानांत येईल.

आरंभ मात्र बहुधा एवढ्या मोठ्या नांवानें होत नाहीं. तो टपरीवरच्या पुडीनें होतो, किंवा पंक्चर काढण्याच्या सोल्युशननें, रंगाऱ्याच्या थिनरनें, दप्तरांतल्या व्हाइटनरनें होतो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. हुंगण्याच्या द्रव्यांचें सेवन प्रौढांत शेंकडा ०·५८ आढळलें, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत शेंकडा १·१७. सर्व मादक द्रव्यांत हा एकच प्रकार असा निघाला कीं, ज्यांत मुलांनीं मोठ्यांस मागें टाकलें आहे. बाटलींतील व्हाइटनर व थिनर किरकोळ विकण्यास सरकारनें २०१२ मध्यें बंदी केली, गुटख्यासहि महाराष्ट्रांत त्याच वर्षीं बंदी झाली. बंदीचें पुढें काय होतें तें वाचकांस मीं सांगावयास नको.

हें सर्व मी वर्तमानपत्रांतून वाचीत होतों, आणि वाचून झाल्यावर घडी घालून ठेवीत होतों. पुढें तें घरांत आलें.

आमचें कुटुंब एकत्र आहे. मी व माझें कुटुंब, धाकटे बंधु व त्यांची पत्नी, त्यांचे दोन मुलगे, दोन्ही सुना आणि तीन नातवंडें. धाकट्या पुतण्याचा मुलगा तेव्हां बारावींत होता व शिकवणीसाठीं आगगाडीनें पनवेलीस जात-येत असे. मुलगा गुणी, आर्जवी, सणासुदीला उत्तम पुरुषसूक्त म्हणणारा. दोन वर्षांपूर्वीं गणपतीच्या आदल्या दिवशीं चांदीचीं उपकरणीं घासावयास काढलीं, तेव्हां एक निरांजन कमी भरलें. घरांत धुणें-भांड्यांस अष्टमीहून एक बाई येत असे. नऊ वर्षें येत होती. तिला कोणी चोर म्हटलें नाहीं. पण भावजयीनें देवघराला कुलूप घातलें, आणि किल्ली पदराला बांधतांना ती त्या बाईकडे पाहात होती. चौथ्या दिवसापासून बाई यावयाची बंद झाली. निरांजन नवें आणलें गेलें व विषय मिटला.

दिवाळीनंतर एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर माझें कुटुंब सहज म्हणालें, “पोराचा डबा हल्लीं रोज भरलेला परत येतो, सुनेनें तुम्हांला सांगितलें का?” सुनेनें सांगितलें नव्हतें. मास्तरकीची खोड अशी कीं, एक मूल गैरहजर दिसलें कीं सबंध हजेरीपुस्तक चाळावेंसें वाटतें. दुसऱ्या दिवसापासून मीं घरांतल्या एकेकाला एकटें गांठून, उगाच गाजावाजा न करतां, कांहीं वेगळें दिसलें का म्हणून विचारलें. जें कळलें तें स्वैंपाकघरांतील दिनदर्शिकेवर, दुधाच्या खुणांशेजारीं, तारखेवार मांडीत गेलों. मोठ्या सुनेला धुण्याच्या विजारींत डोळ्यांत घालावयाच्या औषधाची कुपी दोनदां सांपडली होती. डोळे आले असतील म्हणून तिनें ती खणांत ठेवून दिली. तेरा वर्षांच्या धाकट्या चुलत भावानें सांगितलें कीं, दादा कधीं कधीं पहाटे चारपर्यंत जागाच असतो आणि दांत चावतो, मग रविवारीं दिवसभर झोंपतो. भावजय म्हणाली, बंधूंचें निवृत्तिवेतन जमा झालें कीं पोरगा वह्या-पुस्तकांस पांचशें रुपये मागून नेतो. महिन्यांतून दोनदां, कधीं तीनदां. बाप रात्रपाळीला, त्याला कांहींच माहीत नव्हतें. आईला डब्याचें माहीत होतें, पण तें नवऱ्याच्या कानावर गेलें तर तो पोराला मारील या भीतीनें ती गप्प होती.

वाचकहो, एकत्र कुटुंबांत मुलांवर दहा माणसांची नजर असते असें आपण अभिमानानें म्हणतों, आणि तें खरेंहि आहे. आमच्या घरांत प्रत्येकानें कांहीं ना कांहीं पाहिलेंच होतें. परंतु एकानें पाहिलेलें दुसऱ्यास कळावयाचें नाहीं, हीहि आपल्या घरांची एक रीत आहे. सासूचें सुनेला सांगावयाचें नाहीं, सुनेनें नवऱ्याला सांगावयाचें नाहीं, नवऱ्यानें वडिलांस त्रास द्यावयाचा नाहीं. आणि यांतलें एकहि मौन वाईट बुद्धीचें नाहीं, सर्व मायेपोटींच आहे. मुलाला हें आपल्यापेक्षां अधिक चांगलें समजतें. कोणापाशीं काय मागावें आणि कोण कोणाला सांगणार नाहीं, याचें त्याचें गणित पक्कें असतें.

मुलाशीं मी एकटाच बोललों, नदीकांठीं संध्याकाळीं फिरावयास जातांना. दिनदर्शिका दाखविली नाहीं, नुसतें म्हटलें, “तुला झोंप लागत नाहीं असें दिसतें. किती दिवस?” त्यानें प्रथम अभ्यासाचें कारण सांगितलें. मी चालत राहिलों. बराच वेळ गेल्यावर त्यानेंच सांगावयास सुरुवात केली. वर्षभर गांजा, आणि गेल्या तीन महिन्यांत पांच-सहा वेळां ती पूड. देणारा कोणी काळा चष्मा घातलेला अनोळखी दलाल नव्हता. शिकवणींतलाच एक मित्र होता, आमच्या घरीं येऊन जेवून गेलेला. “आजोबा, पहिल्या तीन वेळां कोणीं पैसेच घेतले नाहींत,” तो म्हणाला. निरांजन त्यानेंच नेलें होतें. तें सांगतांना मात्र तो रडला, आणि मग विचारलें, “त्या मावशींना काढून टाकलेंत का?”

त्या रात्रीं घरांत जें झालें तें थोडक्यांतच लिहितों, कारण असल्या प्रसंगीं सर्व घरीं बहुधा तेंच होत असावें. बापानें हात उगारला. आईनें नवस बोलला. भावजयीनें कोणाची तरी दृष्ट लागली असें ठरविलें. मोठ्या सुनेचें म्हणणें मात्र निराळें होतें व मला तें अगदीं समजण्यासारखें वाटलें. तिच्या मुलीसाठीं तेव्हां स्थळें पाहात होतों. “काका, हें उंबऱ्याबाहेर गेलें तर माझ्या पोरीचें काय?” हा तिचा प्रश्न होता. दार लावून घ्या, मुलाला घरींच ठेवा, हळूहळू आपोआप सुटेल, असें सर्वांचें मत पडूं लागलें. बंधु तर म्हणाले, “आपल्या कुळांत हें पाप आलें कोठून?”

येथें माझी संस्कृतची शिकवणी कामास आली, एरव्हीं तिचा घरांत फारसा उपयोग होत नाहीं. व्यसन या शब्दाचा आज आपण एकच अर्थ जाणतों, वाईट सवय. आणि सवय म्हटली कीं तींत दोष आला, दोषांत लाज आली. अमरकोशांत मात्र व्यसनाचा पहिला अर्थ विपत्ति असा आहे. काम-क्रोधांतून उपजणारा दोष हा अर्थ त्याच्या मागाहून येतो. कौटिल्यानें राज्यावर येणाऱ्या आपत्तींचें एक स्वतंत्र अधिकरणच लिहिलें आहे व त्याचें नांव व्यसनाधिकारिक. जें माणसास त्याच्या कल्याणापासून दूर फेंकून देतें तें व्यसन, अशी त्या शब्दाची फोड तेथें केली आहे. पूर हें व्यसन, दुष्काळ हें व्यसन, आग हेंहि व्यसन. घराला आग लागली असतां कोणी दार लावून घेत नाहीं. शेजाऱ्याला हांक मारतों, पाणी मागतों, आग कोणाच्या चुकीनें लागली हें विझल्यावर पाहतों. बंधूंस मीं हें सांगितलें, आणि शुक्राचार्यांची गोष्टहि आठवून दिली. प्रत्यक्ष दैत्यगुरु, संजीवनी जाणणारे, पण मद्याच्या पेल्यांत आपल्याच शिष्याची राख कालविलेली आहे हें पिण्यापूर्वीं त्यांस कळलें नाहीं. कळल्यावर त्यांनीं मद्यावर निर्बंध घातला खरा. पण आधीं आपलें पोट फाडून कचाला बाहेर काढलें. पुराणांतलीं वानगीं पुराणांत, असें कोणी म्हणेल. तरी त्या रात्रीं बंधु गप्प झाले व दुसऱ्या दिवशीं पनवेलच्या मनोविकारतज्ज्ञाची वेळ त्यांनींच घेतली.

डॉक्टरांनीं जें सांगितलें त्यांतलें पुष्कळ सर्वांस उपयोगी पडेल. पहिली गोष्ट ही कीं, एम्. डी. सारखें उत्तेजक द्रव्य थांबलें कीं कांहीं दिवस मुलगा मेल्यासारखा झोंपतो व मग त्याचें मन अतिशय खिन्न होतें. या दिवसांत जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचारहि येऊं शकतात. म्हणून त्याला कोंडून ठेवणें ही सुरक्षितता नव्हे. त्याच्याजवळ रात्रंदिवस कोणी तरी असलें पाहिजे, आणि त्या माणसानें उपदेश करूं नये. किशोरवयांत मेंदूचा विवेक करणारा भाग अजून पुरा पिकलेला नसतो, तो पंचविशीच्या सुमारास पिकतो. याच वयांत व्यसन लवकर जडतें तें यामुळें. दुसरी गोष्ट, एखादें लक्षण दिसलें म्हणून मुलावर आरोप करूं नये. डोळे लाल होणें, भूक एकाएकीं वाढणें वा मरणें, झोंपेचें घड्याळ उलटें फिरणें, जुने मित्र सुटणें, खोलींत अवेळीं उदबत्ती लागणें, रुमालाला रंगासारखा वास येणें, पैशाचा हिशेब न लागणें. यांतलें एकेक तर या वयांत कोणाहि मुलाच्या बाबतींत दिसेल. तीन-चार एकत्र आलीं आणि महिनाभर टिकलीं, तर विचारावें. विचारतांनाहि “तूं घेतोस का?” असें दटावून नव्हे, त्याचें उत्तर नेहमीं “नाहीं” असेंच येतें.

मोठ्या सुनेच्या भीतीलाहि उत्तर मिळालें. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यान्वयें रुग्णाची माहिती गुप्त ठेवणें डॉक्टरावर बंधनकारक आहे. जो व्यसनी आपण होऊन सरकारमान्य केंद्रांत उपचारांस जातो, त्याच्याजवळ अल्प प्रमाणांतच द्रव्य सांपडलें असेल तर १९८५ च्या कायद्यांतहि त्याला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलाची चौकशी बाल न्याय मंडळापुढें होते. उलट, मुलाला मादक द्रव्य देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. पोलिसांचें नांव काढलें कीं आपल्या घरांतील माणसें मुलासाठीं घाबरतात. वास्तविक घाबरावयास पाहिजे तें देणारानें.

ज्यांचीं मुलें आतां प्रौढ झालीं आहेत अशा वाचकांस ‘गर्द’ हा शब्द आठवत असेल. १९८० नंतरच्या दशकांत पुण्या-मुंबईकडे चांगल्या घरांतलीं मुलें या विषाला बळी पडलीं, तेव्हां अनिल अवचटांनीं त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले व त्यांच्या साह्यानें २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू झालें. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट या त्याच्या प्राण होत्या; त्या १९९७ मध्यें गेल्या, पण केंद्र चालूच आहे आणि त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर तें सांभाळतात. या संस्थेचें मला विशेष वाटतें तें हें कीं, तेथें रुग्णाबरोबर घरच्या माणसांसहि समजावून घ्यावें लागतें, त्यांच्यासाठींहि वेगळें बोलणें होतें. आमच्या डॉक्टरांनींहि तेंच केलें. मुलाला एक तास, आणि आम्हां सर्वांस मिळून दोन.

मुलगा एकदां घसरला. मे महिन्यांत, पांच महिने नीट गेल्यावर. त्या दिवशीं तो आपण होऊन आईजवळ बोलला, म्हणून डॉक्टर म्हणाले कीं ही अपयशाची गोष्ट समजूं नका. फेब्रुवारीची परीक्षा बुडाली होती, ती त्यानें जुलैंत दिली व उत्तीर्ण झाला, गुण बेताचेच. आतां तो येथेंच महाविद्यालयांत जातो. आजीकडून पैसे नेण्याचें बंद झालें आहे. त्याला लागेल तें बाप देतो, आणि काय दिलें तें त्याच दिनदर्शिकेवर दुधाच्या खुणांशेजारीं लिहिलें जातें; लिहितो तोच.

भावजय अष्टमीस त्या बाईच्या घरीं गेली होती. नुसती साडी-नारळ घेऊन नव्हे. मुलाला बरोबर नेलें व त्यानें स्वतः सांगितलें. बाईनें चहा केला, मुलाच्या पाठीवरून हात फिरविला, पण पुन्हा कामाला यावयास ती तयार झाली नाहीं. तिचें काय चुकलें असें मला वाटत नाहीं.

ज्यांस डॉक्टरापर्यंत जाण्याचा धीर होत नाहीं त्यांनीं निदान १४४४६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. तो केंद्र सरकारचा आहे, त्यास पैसे पडत नाहींत, आणि बोलणाऱ्यास आपलें आडनांव सांगावें लागत नाहीं. पनवेलची खेप आम्हांस अजून महिन्यांतून एकदां असते. पाळीपाळीनें कोणी तरी बरोबर जातें; येत्या शनिवारीं त्याची मोठी काकू जाणार आहे.